बरं वाटायची चोरी

नवशाची पाठ होळीच्या सुमारास बरी झाली आणि तेव्हापासून त्याला पाड्यात तोंड दाखवायची लाज वाटू लागली. लोक दुखणं लपवतात हे आपल्याला ठाऊक आहे. प्रत्येक घरात एक तरी बाई असतेच, जी ताप अंगावर काढते आणि विचारलं तर काही नाही म्हणते. नवशावर मात्र पाळी आली ती बरं वाटणं लपवायची. इतका सरळ माणूस या भानगडीत पडला कसा, हे समजायचं तर आधी त्याची पाठ समजून घ्यायला हवी.

भिवंडीजवळच्या शेलार गावाच्या पुढे मोठा रस्ता सोडून डोंगराच्या अंगाला वळलं की त्याचा पाडा लागतो. घरांमागे भाताची खाचरं, त्यामागे रान. पावसाळ्यात पाडा शेतात असतो आणि उरलेलं वर्ष काल्हेरच्या गोदामांत. नवशाही तिथेच लोडिंगला होता. अंगानं काटक, बोलायला कमी, आणि आवणीत, म्हणजे भाताची रोपं लावण्यात, त्याचा हात धरणारा पाड्यात कुणी नव्हता. एकदा वाकला की बांधाला पोचल्याशिवाय कंबर सरळ करायचा नाही. असा माणूस एका दुपारी ट्रकमधून फरशांचा खोका उतरवताना मटकन खाली बसला. कमरेत काहीतरी तुटलं, एवढंच त्याला सांगता आलं. संध्याकाळी त्याचा वयानं बराच मोठा चुलतभाऊ बाळाराम माणसं घेऊन मोठ्या रस्त्यावर येऊन थांबला आणि त्यांनी नवशाला बाजेवर घालून घरी आणलं.

मग सगळं झालं. भिवंडीत एक्स-रे निघाला, ठाण्याला त्या धडधड वाजणाऱ्या मोठ्या मशीनमध्ये घातलं, गोळ्या झाल्या, सुया झाल्या. पाड्यातल्या भगतानं दाणे टाकून पाहिले आणि डोंगरातल्या हिरव्या देवासाठी कोंबडा मागितला, तोही झाला. कमरेची इजा काही महिन्यांत भरून आली असं डॉक्टर म्हणाले. दुखणं मात्र गेलं नाही. उलट ते पसरलं. मांडीत उतरलं, खांद्यापर्यंत चढलं. काडेपेटी खाली पडली तर नवशा तिच्याकडे बघत उभा राहायचा, जणू विहिरीत उतरायचं आहे. बायको धाकली गोदामात पॅकिंगला जाऊ लागली आणि नवशा चुलीपाशी आला. भात बरा जमायचा त्याला. भाकऱ्यांबद्दल न बोललेलं बरं.

एवढ्यावर थांबलं असतं तर ही गोष्ट सांगायचं कारण नव्हतं. पण ठाण्याचा रिपोर्ट हातात आल्यावर नवशा तो घेऊन गोदामावर गेला. उचलायचं नाही असं एखादं हलकं काम मिळेल, गेटवर बसायचं किंवा शिक्के मारायचं, अशी त्याला आशा होती. ठेकेदाराच्या माणसानं कागद उलटसुलट करून पाहिला आणि हजेरीसाठी उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "रिपोर्ट तो एकदम नॉर्मल है. नाटक कर रहा है साला." रांगेतले दोघे-तिघे हसले. हसणारे वाईट होते असं नाही. सकाळच्या वेळी माणसं कशावरही हसतात. नवशा मात्र तिथल्या तिथे मेल्याहून मेल्यासारखा झाला. आपल्या पोटात शिरून कुणीतरी आपली लाज बाहेर ओढून काढली असं त्याला वाटलं. घरी येऊन त्यानं हे कुणाला सांगितलं नाही. धाकलीलाही नाही.

त्या दिवसापासून त्याचं दुखणं दुहेरी झालं. दुखत होतं ते दुखतच होतं, पण आता ते दिसायलाही हवं होतं. उठताना तो आधीही कण्हायचा, आता जरा मोठ्यानं कण्हायचा. चालताना एक हात कमरेवर. मेडिकलमधून आणलेला कमरेचा पट्टा लोक सदऱ्याच्या आत बांधतात, नवशानं सदऱ्यावरून बांधायला सुरुवात केली. यात खोटं काही नव्हतं. ज्याच्यावर एकदा खोटेपणाचा आळ आला, तो खरं बोलतानाही साक्षीदार शोधत फिरतो, तसं त्याचं झालं होतं.

गंमत अशी की पाड्यात कुणी साक्ष मागितलीच नव्हती. तिथे आवणीला सावड असते. आज सगळ्यांनी मिळून तुझी रोपं लावायची, उद्या तू सगळ्यांबरोबर माझ्या शेतात उतरायचं. मजुरी नाही, फक्त दुपारचं जेवण. आणि घरात कुणी आजारी असेल तर त्याच्या वाटची सावड परत मागायची नाही, असा रिवाज. नवशा पडला त्या पावसाळ्यात सगळा पाडा न सांगता त्याच्या खाचरात उतरला. दुसऱ्या पावसाळ्यात तसाच, तिसऱ्यात तसाच. नवशा बांधावर मेणकापड डोक्यावर घेऊन बसायचा. बाळाराम स्वतः त्याच्या जागी, ओळीच्या टोकाला उभा राहायचा.

पण धाकली पडली मानी. परत मागायची नाही म्हणजे द्यायची नाही असं थोडंच आहे, म्हणून ती गोदामातून शिफ्ट करून आली की ज्याच्या शेतात काम चालू असेल तिथे उतरायची. स्वतःच्या वाटचं एक आणि नवऱ्याच्या वाटचं एक. तिला कुणी सांगितलं नव्हतं. नवशानं तिला दोन-तीनदा नको म्हणून पाहिलं. ती म्हणाली, "तू गप बस. तुझा हात न्हाय तर माझा हाय."

पॅकिंगमध्ये तिच्या शेजारी काम करणाऱ्या बाईनं एक दिवस सांगितलं की तिच्या नवऱ्याचा खांदा, जो पॉवरलूमवर काम करून करून वर्षानुवर्षं जाम झाला होता, तो आता हलतो. भिवंडीत एका ट्रस्टच्या दवाखान्यात वरच्या मजल्यावर एक बाई जुन्या दुखण्यांचा वर्ग घेतात. गोळ्या कमी, बोलणं जास्त. धाकलीनं दिवाळी झाल्यावर नवशाला जवळजवळ ओढतच तिकडे नेलं.

अदिती मॅडम फिजिओथेरपीच्या डॉक्टर. वयानं लहान, बोलायला मऊ, पण पिच्छा न सोडणाऱ्या. त्यांच्या सतरंजीवर लूमवाले चाचा होते, शिवणकाम करणाऱ्या बायका होत्या, मान धरलेला एक बँकेतला कारकून होता. नवशा बसला तो भिंतीला टेकून, पट्टा आवळून, रिपोर्टची पिशवी छातीशी धरून.

"रिपोर्ट बघते, पण आधी तुम्हाला बघते," मॅडम म्हणाल्या. "नवशाभाऊ, दुखतंय म्हणजे दुखतंय. ते खोटं नसतं. आता मला सांगा, गोदामात आगीचा भोंगा असतो ना?"

"हाय. कोनी विडी ओढली तरी वाजतो."

"तसंच झालंय तुमचं. आग कधीच विझली, पण भोंगा फार हळवा होऊन बसलाय. वाकायचं नुसतं मनात आणलं तरी वाजतो. त्यात माणूस घाबरलेला असला, रागावलेला असला, झोपला नसला, की आणखी मोठ्यानं वाजतो. आपल्याला तो फोडायचा नाहीये. आग नाही हे त्याला हळूहळू पटवायचंय."

नवशाला हे पटलं का? अजिबात नाही. कंबर माझी आणि भोंगा कसला, असं त्याच्या मनात आलं. पण घरी बसून तरी काय करणार होता, म्हणून तो येत राहिला. तिथे जमिनीवर उताणं पडून पोट फुगेल असा श्वास घ्यायला लावायचे. दात का आवळलेत, मुठी का आवळल्यात, ते शोधायला लावायचे. नवशाला आपण दिवसभर दात आवळून असतो हे पहिल्यांदाच कळलं. मग एक दिवस मॅडमनी विचारलं, "दुखायला लागलं त्या दिवसांत आणखी काय झालं होतं?" आणि काही कळायच्या आत नवशाच्या तोंडून गेटवरचा सगळा प्रकार बाहेर पडला. मराठीत सुरू झाला, हिंदीत शिरला, आणि 'नाटक' या शब्दाशी येऊन अडकला. इतक्या लोकांत तो ढसाढसा रडला. लूमवाले चाचा उठून त्याच्याजवळ येऊन बसले. "दर्द सच्चा है भाई," ते म्हणाले. "यहाँ कोई सबूत नहीं माँगेगा."

त्या रात्री नवशा कित्येक महिन्यांनी न कण्हता पहाटेपर्यंत एका कुशीवर झोपला.

पुढची गोष्ट जरा हसण्यासारखी आहे. वाकायची भीती घालवायची तर ज्यात कधी आनंद वाटला त्याच कामानं सुरुवात करायची, अशी मॅडमची रीत. नवशानं खाली मान घालून सांगितलं, आवणी. आता दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर शेत कुठून आणायचं? मॅडमनी परातीत ओली वाळू भरली, झाडूच्या काड्या तोडून हातात दिल्या आणि परात आधी टेबलावर, मग खुर्चीवर, मग स्टुलावर, अशी महिन्या-दोन महिन्यांत खाली आणत नेली. पाड्यातला पहिल्या नंबरचा आवणीवाला माणसांदेखत परातीत काड्या खोचतोय! नवशाचे कान तापले. "अरे वा, खेती शुरू!" चाचा म्हणाले आणि बायका हसल्या. नवशाही हसला. पण काड्या त्यानं सरळ ओळीत, सारख्या अंतरावर खोचल्या. हात विसरले नव्हते. होळीच्या सुमारास परात जमिनीवर आली आणि नवशा तिच्यावर वाकून खोचत राहिला. संपल्यावर कंबर सरळ करताना लक्षात आलं, की भोंगा वाजलाच नाही.

मॅडम म्हणाल्या, "सगळ्यांचं असं होतं असं नाही. मधूनमधून पुन्हा दुखेल, घाबरू नका. पट्टा आता सोडा. आणि घरी सांगा, खूश होतील."

नवशानं मान हलवली. सांगायचं त्याच्या मनात होतंच. त्या दिवशी पाड्याच्या अलीकडच्या बंद वीटभट्टीपाशी तो पोचला तेव्हा सहज चालत होता, पट्टा पिशवीत होता. समोरून पाड्यातली दोन माणसं येताना दिसली. आणि तो थांबला. रिपोर्ट तेव्हाही नॉर्मल होता. आता जर आपण असे ताठ चालत गेलो, तर लोक म्हणतील, वाळूत काड्या खोचून गेलं ते दुखणं कसलं? म्हणजे पहिल्यापासून नाटकच होतं! तो भट्टीच्या आडोशाला गेला, पिशवीतून पट्टा काढला, सदऱ्यावरून आवळून बांधला आणि हात कमरेवर ठेवून पाड्यात शिरला. चार दिवस जाऊ देत, तो मनाशी म्हणाला, पुन्हा दुखलं तर? मग सांगू. चार दिवस गेले. मग धाकलीला कुठल्या तोंडानं सांगायचं की चार दिवस लपवलं? अशी ती गोष्ट रोज थोडी थोडी जड होत गेली.

यानंतर नवशा भिवंडीत बरा असायचा आणि पाड्यात आजारी. भट्टीपाशी पट्टा बांधायचा, भट्टीपाशी सोडायचा. मॅडमनी विचारलं, "घरी सांगितलंत?" तो हो म्हणाला. धाकलीनं विचारलं, "काय फरक?" तो म्हणाला, "थोडाबहुत हाय." दोन बायांशी दोन तऱ्हेचं खोटं बोलून तो सतरंजीवर श्वास घ्यायला पडायचा आणि दात आपोआप आवळले जायचे. लाज कशी असते पाहा. आधी दुखण्याची लाज वाटायची, तेव्हा निदान रडता तरी येत होतं. आता आतल्या आत नुसतं पोखरत होतं. संध्याकाळी धाकली थकून आली की तो तिच्याकडे न बघता ताट वाढायचा.

आषाढात आवणी सुरू झाली. धाकली यंदाही शिफ्ट करून लोकांच्या शेतात उतरली. नवऱ्याच्या वाटचं काम उरकताना तिच्या हाताच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या, कातडी सोलली. नवशानं रात्री कोमट पाणी करून दिलं आणि मनात म्हणाला, उद्या नक्की. उद्या आला आणि गेला. मग त्याच्या स्वतःच्या खाचरांचा दिवस उजाडला.

सगळा पाडा आला. बाळाराम ओळीच्या टोकाला, नवशाच्या जागी. बाळारामचा मुलगा कल्पेश गोदामातल्या ड्युटीचा खाडा करून आला होता. शेजारची चंद्रा, तोंडानं फटकळ आणि हातानं झपाझप, बायांच्या पुढे. पाऊस भुरभुर होता. रोपांच्या मुठी चिखलात पडत होत्या आणि माणसं वाकून मागं मागं सरकत होती. नवशा पट्टा बांधून बांधावर बसला होता. त्याची बोटं मांडीवर आपोआप हलत होती. धाकलीची ओळ त्याच्या अगदी पुढ्यात होती. मधूनच ती उभी राहायची, कंबर मागं झुकवायची, पुन्हा वाकायची. त्याला तिच्याकडे पाहवेना आणि नजर दुसरीकडे जाईना. उठ आणि उतर, तो स्वतःला म्हणत होता. पाय उचलत नव्हते. आणि यात पाठीचा काही दोष नव्हता, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

आवणीचं शेवटचं खाचर आलं की पाड्यात चिखलाची मस्ती असते. बाया घरधन्याला नखशिखांत माखतात, मग ज्याच्या हाताला जो लागेल तो. नवशाला अर्थातच ही तीन वर्षं माफी होती. खाचराचा एक कोपरा उरला असतानाच चंद्राला राहवलं नाही. तिनं चिखलाचा गोळा उचलला आणि कल्पेशवर भिरकावला. कल्पेश खाली बसला. गोळा थेट बांधावरच्या नवशाच्या तोंडाच्या दिशेनं आला.

नवशानं विचार केला असता तर गोळा खाल्ला असता. पण विचार करायला वेळच नव्हता. तो कमरेतून लवून खाली गेला, गोळा डोक्यावरून गेला, आणि तसाच वाकलेला असताना त्याच्या दोन्ही हातांनी चिखल उचलला. उडी मारून तो खाचरात उतरला आणि पाठ फिरवून पळणाऱ्या चंद्राच्या मधोमध पाठीवर त्यानं तो चिखल फाडकन मारला. "घे!" तो ओरडला आणि खदखदून हसला. सगळा पाडा हसला. नवशा गुडघाभर चिखलात उभा राहून हसत होता. इतकं हलकं त्याला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

मग हसणं एकेकाच्या तोंडावरून उतरत गेलं. सगळ्यात शेवटी नवशाच्या.

"नवशा," बाळाराम हळूच म्हणाला. "तू वाकलास रं."

बाळाराम चिखल तुडवत आला आणि त्यानं दोन्ही हातांनी नवशाची पाठ चाचपली, मेळ्यात हरवलेलं पोर सापडल्यावर चाचपावं तशी. म्हाताऱ्याचे डोळे भरले. "देवानं ऐकला!" तो ओरडला. "हिरव्या देवानं ऐकला! माझा भाऊ वाकला!" एकच गलका झाला. भगताचा कोंबडा उशिरा का होईना पोचला, असं कुणीतरी म्हणालं. बाया एकमेकींना मिठ्या मारू लागल्या. चंद्रा पाठीवरचा चिखल विसरून सगळ्यांना सांगत सुटली की माझ्या गोळ्यानं दादा बरा झाला.

नवशाला सुटायची वाट मिळाली होती. त्याला काही करायचं नव्हतं, नुसतं गप्प राहायचं होतं. देव, भगत, चंद्राचा गोळा, ज्याला जे हवं ते त्यानं मानावं. तो गप्प राहिलाही. पण धाकलीनं चिखल्यांनी सोललेले दोन्ही हात कपाळाला लावले आणि डोंगराकडे तोंड करून उभी राहिली. ती रडत होती. ही बाई त्याच्या आजारपणात एकदाही त्याच्यादेखत रडली नव्हती. नवशाला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं.

"आज न्हाय झाला," तो म्हणाला. आवाज इतका खालून आला की बाळारामनं पुन्हा विचारलं. "आज न्हाय बरा झाला, दादा. शिमग्यापासून बरा हाय मी."

कल्पेशच्या हातातली मूठ तशीच राहिली. "शिमग्यापासून?" तो म्हणाला. "मंग काका, आज मी खाडा केला तो..." आणि पुढचं त्यानं गिळलं. नवशाला ते न बोललेलं जास्त लागलं.

"सांगला का न्हाय?" बाळारामनं विचारलं. रागावून नाही, खरंच न समजून.

"वाटला, तुमी बोलाल आधीपन नाटकच होता."

"आमी?" बाळारामनं सगळ्यांकडे पाहिलं. "कोन बोलला नाटक? पाड्यातला कोन बोलला? नाव घे तू त्याचा."

नवशाला नाव घेता येईना, कारण नाव नव्हतंच. तो शब्द काल्हेरच्या गेटवर एका परक्या माणसानं उच्चारला होता, आणि तो माणूस संध्याकाळचा चहा पिईपर्यंत तो विसरूनही गेला असेल. इथल्यांनी त्याला बाजेवर घालून आणलं, तेव्हा रिपोर्ट विचारला नव्हता. ज्यानं खोटं ठरवलं त्याला नवशा पुन्हा भेटलाही नाही, आणि ज्यांनी पहिल्या दिवसापासून खरं मानलं त्यांच्यासमोर तो रोज पट्टा बांधून फिरला. हे त्याला त्या चिखलात उभं असताना कळलं. त्याआधी कळलं असतं तर बरं झालं असतं, पण बहुतेक गोष्टी माणसाला चिखलात उतरल्यावरच कळतात.

चंद्रानं मग विचारलं. तिच्या मनात काही काळं नव्हतं, तिला जे वाटतं ते ती बोलते. "मंग दादा, आधी तरी खरा दुखत होता ना?"

हाच तो प्रश्न. याच प्रश्नाच्या भीतीनं त्यानं इतकं सगळं केलं होतं, आणि तो आज पहिल्यांदा कुणीतरी विचारला, तोही त्याच्याच करणीनं. त्याच्याकडे या प्रश्नाची कितीतरी उत्तरं तयार होती. भोंग्याचं होतं, लूमवाल्या चाचांचं होतं. एकही तोंडातून फुटेना. आपलं खरं दुखणं आपल्याच हातानं आपण खोटं करून टाकलं, आणि आता ते खरं होतं असं सांगायचं तोंड आपल्याला उरलं नाही, एवढंच त्याला कळत होतं. तो खाली चिखलाकडे बघत उभा राहिला.

"खरा होता," धाकली म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. तिनं डोळे मनगटानं पुसले होते, त्यामुळे चेहऱ्यावर चिखलाची रेघ ओढली गेली होती. "कूस बदलताना रडायचा. मीच कूस बदलवायची त्याची. खरा होता." मग ती म्हणाली, "शिमग्यापासूनचा मना ठाव न्हाय."

ती वाकली आणि अर्धी राहिलेली ओळ पुढे लावू लागली. तिच्या मागोमाग चंद्रा वाकली, मग बाकीचे. बाळाराम टोकाची जागा सोडून एक पाऊल बाजूला सरकला. ये असं तो म्हणाला नाही, आणि नको असंही म्हणाला नाही. नवशानं त्या रिकाम्या जागेत उभं राहून मूठ सोडली आणि रोपं खोचायला सुरुवात केली. शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्याच्यासाठी नुसती जागा झाली होती, आणि दोन्ही बाजूंना माणसं मुकाट काम करत होती. कोपरा संपला. शेवटची मूठ लागली. चिखल हातातच होता सगळ्यांच्या, आणि आता घरधनी माखायला अगदी धडधाकटही होता. पण त्याला कुणी माखलं नाही. सगळ्यांनी ओहोळावर हातपाय धुतले.

सावडीचं जेवण नाकारायचं नसतं, म्हणून सगळे जेवायला आले. नवशानं पहाटे उठून शिजवलेला भात आणि सुकटीचं कालवण वाढलं. कल्पेश मान वर न करता जेवला आणि निम्मी तरी ड्युटी भरू म्हणून निघून गेला. बाळारामनं जाताना उंबऱ्यात थांबून सांगितलं, "परवा चंद्राच्या शेतात हाय. सकाळी लवकर ये." नवशा हो म्हणाला. त्याला बाळारामच्या पाया पडावंसं वाटलं, पण तेही दाखवायला केल्यासारखं झालं असतं.

संध्याकाळी धाकली पायरीवर बसून पाय धूत होती. नवशा भांडी आवरून तिच्या मागे येऊन उभा राहिला. सांगायला पुष्कळ होतं. वीटभट्टीचं होतं, गेटवरच्या त्या सकाळचं होतं. कशानं सुरुवात करावी ते त्याला सुचेना.

"दुखतंय?" तिनं विचारलं.

पाठ दुखत होती. इतक्या दिवसांनी चिखलात वाकल्यावर कुणाचीही दुखते तशी, कमरेपाशी, ओढल्यासारखी. जास्त नाही, कमी नाही. नवशानं उत्तर द्यायच्या आधी नीट पाहिलं, आत जेवढं आहे तेवढंच बाहेर जावं म्हणून.

"थोडा," तो म्हणाला. "कामाचा हाय."

धाकलीनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला, वळली आणि त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. बोलतोय ते खरं आहे की नाही, ते ती शोधत होती. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं त्याच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.